जावळाच्या कॅसेटवरचा आवाज

सोमवारी दवाखान्यात जायचं होतं आणि त्या फॉर्मवर फक्त माझी सही राहिली होती. ह्यांची झाली होती. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेचा फॉर्म. शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, राहणं-खाणं तिथंच. माझी लेक साडेतीन वर्षांची. झोपेतसुद्धा माझ्या पदराचं टोक मुठीतून सुटू न देणारी पोर, आणि तिला तिथं ठेवून यायचं! का, तर ती बोलत नाही. आई नाही, पाणी नाही, नको नाही. हवं ते बोटानं दाखवायची, नाही मिळालं तर भुईवर अंग टाकायची.

उपाय सगळे करून झाले होते. पोपटानं टोचलेला पेरू झाला, शंखातलं पाणी झालं. शेजारणीनं सांगितलं, पोरीचं जावळ राहिलंय म्हणून वाचा अडलीय. म्हटलं, तेही करू. मला गप्प बसवतच नाही. काही बिघडलं की पायाला भिंगरी लागते आणि तोंडाचा पट्टा सुरू होतो. माहेरी आमच्याकडं म्हणायचे, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत. माझ्याच पोटी न बोलणारी आली, तर तिच्या वाटचंही मीच बोलायचे. शेजारणीनं तिला विचारावं, "काय गं, जेवलीस का?" की मी इकडून, "जेवली की! वरणभात खाल्ला, अजून मागत होती." मागत कुठली होती!

दर सोमवारी सरकारी दवाखान्यात एक मॅडम बसायच्या, न बोलणाऱ्या पोरांना तपासायच्या. त्यांनी लेकीच्या पाठीमागं थाळी वाजवली. लेक दगड. खुळखुळा वाजवला. तरी दगड. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "ही इथं आली की गोठून जाते. हिला ऐकू येतं की नाही, हे मला छातीठोक सांगता येत नाही. घरच्या माणसांत ही कशी असते ते मला बघायचंय, ऐकायचंय. कुणाकडं व्हिडिओ कॅमेरा असेल तर साधं रोजचं शूटिंग करून आणा. आणि तीच कॅसेट हिलाही दाखवत जा. टीव्हीत आपलीच माणसं दिसली की काही पोरं तोंड उघडतात." फॉर्मही त्यांनीच दिला होता. कॅसेट बघून ठरवू म्हणाल्या, पण संक्रांतीनंतरच्या सोमवारी. पुढं जागा राहत नव्हत्या.

आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा तो फक्त लग्नात दिसायचा, मोठ्या पेटीएवढा, खांद्यावर घ्यायचा. हे वाळूजला कंपनीत होते. तिकडं तेव्हा दर महिन्याला नवं शेड उभं राहत होतं आणि शिफ्टच्या बस भरभरून जायच्या. ह्यांच्या शेजारच्या मशीनवर एक जण होते, चाळिशीकडं झुकलेले, दोन पोरांचे बाप. लगीनसराईत शूटिंगची कामं घ्यायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. उस्मानपुऱ्यात राहायचे. ह्यांचा आणि त्यांचा डबा एकत्र उघडायचा. पण विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापायला लागलं, तशी कॅन्टीनमधली टेबलं वाटली गेली. हे उठून दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. मी विचारलं, तुम्हाला काय झालं? तर म्हणे, "सगळेच बसले." एवढंच उत्तर. तरी मी शूटिंगचं विचारल्यावर भाऊजी एका पायावर तयार झाले. "पोरीचं काम आहे, वहिनी. कॅसेटसुद्धा माझीच."

माझं माहेर मेंढरांचं. आबा, म्हणजे माझे वडील, हिवाळ्यात कळप घेऊन पैठणच्या आजूबाजूला रिकाम्या रानांत उतरायचे. शेताला लेंडीखत मिळायचं, मेंढरांना चारा. जावळ तिथंच काढायचं ठरलं. एसटीनं गेलो, भाऊजी कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन, कुणाला टेकू न देता. आमची माणसं अशी, की कॅमेरा दिसला आणि सगळी ताठ, हात मांड्यांना चिकटवून, फोटोला उभी राहतात तशी. भाऊजी ओरडतायत, "अहो, हला की जरा! बोला की!" आबा म्हणाले, "ह्या पेटीशी काय बोलावं मानसानं?" मग मीच बोलत राहिले. कुणीतरी बोलायला नको?

मामाच्या मांडीवर बसवून लेकीचं डोकं झालं. रडून रडून लाल झाली, आणि सुटल्यासरशी सगळ्यांचे हात चुकवून मेंढरांकडं पळाली. आणि तिथं, माझ्या ह्या कानांनी ऐकलं, तिनं हाळी दिली. कळप वळवताना आबा देतात तशी, पोटातून, लांब. मी धावत गेले, तिला उचललं, "म्हण! परत म्हण! म्हण ना गं माझे बाई!" तिनं ओठ मिटले ते मिटलेच. हे म्हणाले, "मेंढरूच ओरडलं असंल." आबा चिडले. "मी काय मेंढराचा आवाज वळखत नाय व्हय? पोरीनंच हाळी दिली." भाऊजी म्हणाले, भांडू नका, कॅसेटमध्ये आलंय सगळं.

माझा जीव त्या कॅसेटमध्ये अडकला तो असा. पोर हाळी देते म्हणजे तिला ती ऐकू आलेली आहे. मॅडमनी एकदा कानांनी ऐकलं की फॉर्म फाडून टाकायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या दिवशी आणखी एक झालं, ते सांगायला अजून जड जातं. सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यांत आला. भाऊजींना आला तो कान तुटलेल्या कपात, आणि आबांनी तो त्यांच्या हातात दिला नाही, समोर भुईवर ठेवला. भाऊजींनी चहा पिला, कप आपणच विसळला, पालथा घातला आणि कॅमेरा उचलला. मी बघितलं. हे माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते त्या वेळी बंद राहिलं. मनात म्हटलं, आज कार्य आहे, आज नको.

संक्रांत आली आणि विद्यापीठाच्या नावाचा निर्णयही झाला. गावात जिकडं तिकडं बंदोबस्त, एसटी बंद, कुठं पेढे तर कुठं दगड. सोमवार दोन दिवसांवर होता. हे पहिल्या शिफ्टला निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, "अगं, तो आज रजेवर आहे. काल म्हणत होता, जावळाची कॅसेट सकाळी मिक्सिंग करून टाकतो. अशी गाणी टाकतो म्हणे, की पाव्हणे बघत राहतील."

तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली. लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत आहे, मिक्सिंग म्हणजे काय. मूळचा आवाज पुसायचा आणि वर सनई, नाहीतर सिनेमाची गाणी टाकायची. भटजी तोंड हलवतायत, आणि त्यातून बाई गातेय.

"अहो, थांबवा त्यांना! आवाज जाईल तिचा!"

"आता कसा थांबवू? त्याच्याकडं काय फोन आहे? आणि तुला तर काय, कशाचंही काहीही वाटतं." खालून कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि हे गेले.

गॅस बंद केला, लेकीला कडेवर मारली आणि निघाले. मुकुंदवाडी ते उस्मानपुरा. बस नाही, रिक्षा नाही. जालना रोड इतका मोकळा मी जन्मात बघितला नव्हता. दर वळणावर पोलीस. एकानं अडवलं, "कुठं निघालात बाई, लेकरू घेऊन?"

"कॅसेट आणायला."

"कॅसेट? आज?"

"हो, आजच! उद्या काय उपयोग?" तो बघतच राहिला, मी पुढं. मोंढा नाक्यापाशी एक रिक्षावाला रिक्षा आडवी लावून बसला होता. "बाजी, आगे नै जाने देरे," म्हणाला, "बच्ची कू लेके काय कू फिररे?" त्याला काय सांगणार! लेक कडेवर जड झाली होती, ह्या कडेवरून त्या कडेवर. आणि मी चालता चालता तिच्याशी बोलतेय, "पोचू हं, पोचू, पुसला नसेल अजून, भाऊजी सकाळी उशिरा उठत असतील, रजा आहे ना त्यांना." क्रांती चौकात दुकानांची शटरं अर्धी खाली, माणसं घोळक्यानं उभी, कुणाचं तोंड कुणाकडं नाही.

उस्मानपुऱ्यात भाऊजींच्या गल्लीत शिरले तर वेगळंच जग. निळे झेंडे, ढोल, बाया फुगड्या घालतायत, म्हाताऱ्या दारात बसून डोळे पुसतायत. भाऊजी केसांत निळा गुलाल, खांद्यावर कॅमेरा. मला बघून चेहरा फुलला त्यांचा. "या वहिनी! पायी आलात? अगं, पेढा आण, तिळगूळ आण!"

"कॅसेट कुठंय?"

"झाली की! पहाटेच बसलो. अशी झालीय, बघाच तुम्ही."

"मिक्सिंग केलं? मग मूळची कुठंय? शूटिंग केलेली?"

त्यांनी कॅमेऱ्यावर थाप मारली. "ह्यात. तिच्यावरच मिरवणूक घेतोय सकाळपासून. आज रिकामी कॅसेट कुठं मिळणार, दुकानं बंद."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दारात, त्यांच्या बायकापोरांसमोर, मी काय काय बोलले! माझ्या पोरीचा एकुलता एक आवाज होता त्यात, तो तुम्ही पुसला. तिला आता परगावी टाकायची वेळ आणली. तुमच्या मिरवणुकीपायी माझ्या लेकीचा गळा दाबला. हे वाक्य मी बोलले. आज लिहिताना हात थांबतो, पण बोलले.

भाऊजींनी कॅमेरा खाली ठेवला. त्यांची बायको पेढ्याची ताटली हातात घेऊन तशीच उभी.

"वहिनी," ते म्हणाले, "आवाज तसाच ठेवायचा, हे मला कुणी सांगितलं? हाळीवरनं भांडलात, ते मला घरचंच वाटलं. तुम्ही म्हणालात, जावळाचं शूटिंग. जावळ म्हटलं की गाणी आली. माझ्या हातून पोरीचं नुकसान झालं, चुकलं माझं. पण 'तुमची मिरवणूक' म्हणू नका. सोळा वर्षं झाली हे नाव मागून. आणि बोलायचंच होतं, तर त्या दिवशी आबांच्या तिथं बोलायचं. तेव्हा एक शब्द नाही काढलात तुम्ही."

खरंच होतं. एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी त्यांना मॅडम, दवाखाना, पेरू, शंख, सगळं सांगितलं होतं. आवाज ठेवा, एवढं एकच सांगायचं राहिलं होतं. आणि कपाचं तर काय बोलणार! मी त्यांच्या उंबऱ्यावर मटकन बसले. म्हटलं, "मी बघितलं होतं, भाऊजी. बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. लाज वाटते मला."

ते "जाऊ द्या" म्हणाले नाहीत. म्हणायला पाहिजे होतं असंही नाही. कॅमेरा उचलून म्हणाले, "आत या. काय राहिलंय ते तरी बघू."

टीव्ही सुरू झाला, कॅसेट आत गेली, आणि मेंढरांच्या कळपावर सनई वाजायला लागली. मग कुठलंसं प्रेमाचं गाणं. आबा काठी घेऊन ताठ उभे आणि वर ते गाणं. "बंद करा हो तो आवाज!" मी ओरडले. भाऊजींच्या बायकोनं बटण फिरवून आवाज पार शून्यावर नेला. लेक टीव्हीच्या पुढ्यात फतकल मारून बसली. टीव्हीत ती स्वतः, चमनगोटा केलेली, मेंढरांकडं धावत होती.

हात वर झाला. तोंड उघडलं. आणि समोरच्या सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या.

"दिली की हाळी!" भाऊजी म्हणाले. "आवाज नसला तर नसला. मेंढरं कशानं वळली मग?" त्यांनी तेवढं मागं घेऊन पुन्हा दाखवलं. मला हायसं वाटलं, उठून उभी राहिले. आणि तेवढ्यात टीव्हीत मी आले.

पदर खोचून धावत आले, पोरीला उचललं, आणि माझं तोंड चालू झालं. आवाज नव्हता, नुसतं तोंड. उघडतंय, मिटतंय, उघडतंय. लेक माझ्या कडेवर मान मागं घेऊन बघतेय, आणि तोंड थांबतच नाही. आवाज असता तर मला काही वाटलं नसतं. माझं बोलणं मला कधीच जास्त वाटलेलं नाही. पण हे बघवेना. पुढं मामानं तिच्यापुढं वाकून काहीतरी विचारलं. तिनं मान वर केली, ओठांची फट पडली, आणि मागून माझं तोंड हललं. मामा माझ्याकडं बघून हसला. पुढं भाकरी. तिनं माझ्याकडं बघितलं, ओठ उघडले, माझं तोंड चालू आणि घास तिच्या तोंडात. पुढं एक कोकरू. बोट वर गेलं, मान माझ्याकडं वळली, ओठ उघडले, आणि मी कोकरू उचलून तिच्यापुढं धरलेलंसुद्धा. प्रत्येक वेळी तिचे ओठ उघडत होते. प्रत्येक वेळी मी आधी.

मला रडू फुटलं. पुढं मॅडमनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं की पोर उशिरा बोलते ते आईच्या बोलण्यामुळं नव्हे, असलं खूळ डोक्यात घेऊ नका. असेल. पण तिच्या वाटची जागा मी बळकावून बसले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तीन वर्षं पोपटाच्या आणि शंखाच्या मागं धावले, आणि पोर बिचारी माझ्या तोंडाकडं बघत, मी कधी थांबते त्याची वाट बघत होती.

कॅसेट संपली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. भाऊजींचा हात बटणाकडं गेला, तो मी मनगटाला धरून थांबवला. "नका," म्हटलं. "कुणी काही करू नका. बोलू पण नका."

लेकीनं टीव्हीकडं बोट केलं. माझ्याकडं बघितलं. एरवी मी म्हणाले असते, पुन्हा बघायचं? मेंढरं बघायची? आबा बघायचे? आणि केलं असतं चालू. मी ओठ दातांखाली धरले. तिनं भाऊजींकडं बघितलं, त्यांच्या बायकोकडं बघितलं. कुणी हललं नाही. बाहेर ढोल वाजत होता. ती उठली, माझ्याकडं आली, पदर ओढला, पुन्हा बोट. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. इतका वेळ गप्प मी झोपेतही नसेन. तिचा चेहरा लाल व्हायला लागला, आता ही भुईवर अंग टाकणार. भाऊजींची बायको कळवळली, "अहो, रडंल ती, करा की चालू." मी मान हलवली. नाही.

तिचे ओठ उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

"आव," ती म्हणाली. मग पाय आपटून, माझ्यावर चिडून, "लाव!"

ल अर्धाच होता. पण शब्द होता, आणि मला होता. भाऊजींच्या बायकोनं तोंडावर हात धरला. भाऊजी पाठ फिरवून उभे राहिले. माझ्या घशाशी शंभर गोष्टी आल्या, बोललीस गं, माझी बाई गं, परत म्हण, भाऊजींना म्हणून दाखव. सगळ्या गिळल्या. "लावते," एवढंच म्हटलं आणि बटण दाबलं.

कॅसेट घरघरत मागं फिरायला लागली. ती टीव्हीकडं वळलीच नाही. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आणि मी तोंड मिटून, अजून काही येतंय का म्हणून थांबले.